त्यांचा कायदा दातांचा, आपला कायदा बोळका



मोह गळायला लागलाय. बायापोरं पहाटेपासून झाडाखाली आहेत. मागोमाग चारोळी, तेंदूपान, आणि पावसाच्या तोंडावर मोहाच्या बिया. वर्षातला रोख पैसा आपल्या घरात येतो तो याच दिवसांत. आणि याच दिवसांत बैठकांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे : "हा डब्ल्यूटीओ, डब्ल्यूटीओ म्हणतात तो आहे तरी काय? त्याचा आपल्या बियांशी काय संबंध?"

कुणी म्हणतं, हा शहरातल्या साहेबांचा विषय, आपल्याला त्यातलं काय कळणार. आम्हाला हे पटत नाही. वनखात्याचा कायदा इंग्रजीत होता, तरी तो आपल्याला कळला. कारण त्याचे फटके आपल्याच पाठीवर पडले. व्यापाराच्या कायद्याचंही तसंच आहे. तो कुठे लिहिला जातो, त्याला कुणाचं बळ आहे, आणि त्याच्यासमोर आपले कायदे असे लुळे का पडतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई लढता येणार नाही.

हा कायदा आहे काय?

दोन देशांमध्ये माल जातो-येतो. कोणत्या मालावर किती आयात कर लावायचा, कोणता माल अडवायचा, कोणता सोडायचा, हे पूर्वी प्रत्येक देश आपापलं ठरवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, २३ देशांनी मिळून एक करार केला. त्याला गॅट म्हणतात. त्यात भारत पहिल्यापासून होता. पुढे देश वाढले, विषय वाढले. १९८६ पासून जी बोलणी चालली त्यांचा शेवट १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्को देशातल्या माराकेश शहरात सह्या होऊन झाला. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हात आहे. नावात संघटना आहे, पण तिची सभासद सरकारं आहेत. तिथे आपण पावती फाडून मेंबर होऊ शकत नाही.

पूर्वी हा करार मुख्यतः कारखान्यातल्या मालापुरता होता. १९९५ पासून त्यात शेती आली, बियाणं आलं, औषधांची पेटंटं आली, बँका आणि विमाही आला.

त्याचे मुख्य नियम तीन. एक, एका देशाच्या मालाला सवलत दिली तर ती सगळ्या सभासद देशांना द्यायची. दोन, बाहेरचा माल कर भरून एकदा आत आला की त्याला घरच्या मालापेक्षा वाईट वागवायचं नाही. तीन, कोणत्या मालावर जास्तीत जास्त किती आयात कर लावणार हे प्रत्येक देशाने लिहून द्यायचं, आणि त्या रेषेच्या वर जायचं नाही.

ऐकायला बरं वाटतं. सगळ्यांना सारखा न्याय. पण सारखा न्याय सारख्या माणसांत शोभतो. एका पारड्यात सरकारी अनुदानावर पिकलेलं अमेरिकेचं सोयाबीन, यंत्राने कापलेलं, जहाजाने आणलेलं. दुसऱ्या पारड्यात बाईने गुडघ्यावर बसून वेचलेल्या, दगडाने फोडलेल्या मोहाच्या बिया. तागडी सरळ धरली तरी पारडं कुठे झुकणार हे सांगायला पंडित नको.

तेलाची गोष्ट

मोहाच्या बियांचं तेल आपण खातो, दिव्याला लावतो. पण बाजारात विकलेली बी जाते ती मुख्यतः साबणाच्या आणि तेलाच्या कारखान्यांकडे. कारखानदाराला मोहाचंच तेल हवं असा त्याचा हट्ट नाही. त्याला चरबी हवी. मलेशिया-इंडोनेशियातलं पाम तेल स्वस्त पडलं की तो तिकडे वळतो. मग आठवडे बाजारात शेठ सांगतो, "यंदा बियांना उठाव नाही." तो दरवेळी खोटं बोलतो असं नाही. पण उठाव का नाही, हे तो सांगत नाही.

आता आकडे बघा. जिनीव्हात भारताने लिहून दिलं होतं की पाम तेलावर जास्तीत जास्त ३०० टक्के आयात कर लावू. सोयाबीन तेलावर मात्र कमाल फक्त ४५ टक्के. १९९४ साली पामोलिनची आयात खुली केली तेव्हा त्यावर ६५ टक्के कर होता. पुढच्या वर्षी तो ३० टक्के झाला. १९९८ साली १५ टक्के. ३०० लावायची मुभा, आणि लावले १५! शेतकऱ्यांनी आणि तेलगिरण्यांनी आरडाओरड केली तेव्हा कर पुन्हा वर नेला. बीवेचणाऱ्या बायांनी केलेली आरडाओरड कुठल्या फाइलीत असेल तर आम्हाला दाखवावी.

म्हणून सगळं खापर जिनीव्हावर फोडून मोकळं व्हायचं, हे आम्हाला मान्य नाही. आपले काही मित्र प्रत्येक दुखण्याला डब्ल्यूटीओचं नाव देतात. पाम तेलाच्या बाबतीत जिनीव्हाने दिल्लीचा हात धरलेला नव्हता. दिल्लीने स्वतःहून दार उघडलं. शहरात तेल स्वस्त राहावं म्हणून उघडलं, असं म्हणतील. स्वस्त तेल आपल्यालाही हवं आहे. बाजारातून पावशेर तेल आपणही आणतो. पण शहराच्या तेलाचा भाव उतरवायचा आणि त्याची किंमत जंगलातल्या बाईच्या टोपलीतून वसूल करायची, हा निर्णय कुणाला विचारून घेतला? तेल स्वस्त करायचं असेल तर करा. पण आयात करातून जो पैसा येतो त्यातला वाटा वनोपजाच्या हमीभावाला द्या. तसं कुणी सुचवलंही नाही, कारण त्या टेबलावर आपलं कुणी नव्हतं.

आणि हेही विसरू नका की पाम तेल म्हणजे तिकडच्या जंगलांची राख आहे. बोर्निओ बेटावर दायाक आदिवासींची जंगलं तोडून पामचे मळे उभे राहिले. त्यांचं जंगल जातं आणि आपल्या बियांचा भाव जातो. मधला फायदा तिसऱ्याच्या खिशात.

दात कुठे आहेत

या कायद्याची खरी ताकद त्याच्या तक्रारीच्या वाटेत आहे. एका देशाने नियम मोडला असं दुसऱ्या देशाला वाटलं तर आधी बोलणी. जमलं नाही तर बहुधा तीन पंच नेमतात. २०१९ पर्यंत त्यांच्या निकालावर सात जणांच्या वरिष्ठ मंडळाकडे अपील होत असे. सगळं मिळून साधारण वर्ष-सव्वा वर्षात उरकायचं असा नियम होता. हरलेल्या देशाने ऐकलं नाही तर जिंकलेल्या देशाला त्याच्या मालावर जादा कर लावायची परवानगी मिळते. दंडाचा हा धाक म्हणजे दात.

हे दात आपल्या देशाला लागलेले आपण पाहिले. आपला १९७० चा पेटंट कायदा चांगला होता. औषध बनवण्याच्या रीतीवर पेटंट, पण औषधावरच मक्तेदारी नाही. त्यामुळे औषधं स्वस्त राहिली. अमेरिकेने तक्रार केली, १९९७ साली भारत हरला, आणि १९९९ साली संसदेने कायदा बदलला. दुसरा प्रसंग असा. परकीय चलनाची टंचाई म्हणून भारत अनेक वस्तूंच्या आयातीवर संख्येची बंधनं ठेवत होता. अमेरिकेने तक्रार केली, १९९९ साली भारत हरला. १ एप्रिल २००० रोजी ७१४ वस्तूंवरची आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठली.

पण दात सगळ्यांच्या तोंडात सारखे बसत नाहीत. केळ्यांच्या भांडणात युरोप हरला. अमेरिकेने १९९९ साली युरोपच्या १९ कोटी डॉलरच्या मालावर शंभर टक्के कर लावला. त्याच भांडणात इक्वेडोर हा दक्षिण अमेरिकेतला छोटा देशही जिंकला. त्याला २००० साली २० कोटी डॉलरची परवानगी मिळाली. तिचा उपयोग त्याला करता आला नाही. युरोपच्या मालावर कर लावला तर महाग त्यालाच पडणार, आणि उद्या पुन्हा केळी तर युरोपलाच विकायची. बळी तो कान पिळी, हे जिनीव्हातही खरं आहे. फरक एवढाच, की तिथे कान पिळायची रीत लिहून ठेवलेली आहे.

आणि आपला बोळका कायदा

आता याच भारत सरकारने सह्या केलेले आणि मंजूर केलेले दुसरे कागद बघा.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार आदिवासींविषयी आहे. आदिवासी परंपरेने ज्या जमिनी वापरत आले त्यांवरचा त्यांचा मालकी हक्क, एकट्याचा किंवा सामूहिक, मान्य करावा असं त्याचं ११वं कलम सांगतं. भारताने हा करार १९५८ साली मान्य केला. इतकी वर्षं झाली. त्या कराराप्रमाणे आपली नेवाडाची जमीन कुणी मान्य केली? आणि नाही केली म्हणून दिल्लीला कुणी दंड केला?

१९९२ चा जैवविविधतेचा करार सांगतो की स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा मान राखा, ते वापरायचं तर त्यांची संमती घ्या, आणि फायद्यात वाटा द्या. सुंदर शब्द. पण मोडणाऱ्याला शिक्षा नाही.

१९९६ चा पेसा कायदा तर आपल्याच संसदेने केला. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे द्यायची, जमीन घ्यायच्या आधी सल्ला घ्यायचा, सावकारीवर ताबा ठेवायचा. राज्यांनी एका वर्षात आपले कायदे त्याप्रमाणे बदलायचे. महाराष्ट्राने १९९७ साली कायद्यात बदल केले. नियम केले ते थेट २०१४ साली. तोवर तेंदूचे युनिट खातं लिलावात काढत होतं.

दोन्हीकडची घड्याळं शेजारी ठेवून बघा. परदेशी औषध कंपन्यांच्या तक्रारीवर संसदेचा कायदा दीड वर्षात बदलला. संसदेनेच केलेल्या पेसाचे नियम सहा वर्षांत लिहून झाले नाहीत. बाबू तेच, सचिवालय तेच, शाईसुद्धा तीच. एका कायद्याला दात आहेत म्हणून तो पळतो. दुसरा बोळका आहे म्हणून त्याला कुणी भीत नाही.

आणि आणखी एक. माराकेशच्या करारावर सही करायला संसदेचं मत घ्यावं लागलं नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे करार करायचा अधिकार सरकारचा. संसदेला विचारायचं काम पडतं ते पुढे देशातला कायदा बदलताना. तोपर्यंत शब्द दिलेला असतो. मग खासदार म्हणतात, आता काय करणार, सही झालेली आहे. गावात पोराचं लग्न ठरवतानाही चार घरांना विचारतात.

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला कायदा

देशा-देशांतल्या कायद्याखाली दुसरा एक कायदा चालतो. तो विकणारा आणि घेणारा यांच्यातला. तो नीट बघण्यासारखा आहे.

मुंबईचा व्यापारी परदेशात डिंक विकतो तेव्हा काय करतो? करारात लिहितो : माल किती, दर्जा कोणता, ओलावा किती टक्के चालेल, भाव जहाजावर माल चढवून द्यायचा की पलीकडच्या बंदरात पोहोचवून द्यायचा. वाटेत माल बुडाला तर नुकसान कुणाचं, तेही ठरलेलं. भांडण झालं तर कोणत्या शहरात, कोणत्या पंचांपुढे जायचं, तेही ठरलेलं. पैशाची हमी बँक देते. बँक मालाच्या पोत्यात हात घालून बघत नाही. ती फक्त कागद बघते. जहाजाची पावती, विम्याचा कागद, वजनाचा दाखला बरोबर असेल तर पैसे सोडते. म्हणजे त्या जगात कागद हाच माल.

त्याच डिंकाच्या प्रवासाचं पहिलं पाऊल आठवा. बाई डिंक घेऊन बाजारात आली. काटा शेठचा, वजन शेठचं, भाव शेठचा, ओलाव्याची कटती शेठच्या मनाची. पावती नाही. मागच्या उचलीत वळते केले म्हणून अर्धे पैसे हातात. भांडण कुणापुढे न्यायचं? बंदरापासून पुढे दाण्यादाण्याचा कागद, आणि बंदरापासून मागे, गावापर्यंत, नुसता अंधार. व्यापाराचा कायदा अंधार असलेल्या भागात पोहोचलाच नाही. शेठला तो पोहोचायला नकोच आहे.

परदेशात लिहिलेल्या एखाद्या ओळीने वनोपजाचं नशीब कसं फिरतं त्याचं उदाहरण सांगतो. चॉकलेटमध्ये कोकोच्या चरबीऐवजी पाच टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पती चरबी घालायला युरोपच्या देशांनी २००० साली परवानगी दिली. पण कोणतीही नाही. फक्त सहा. त्यात साल आहे, आंब्याची कोय आहे, आपल्या कोकणातलं कोकम आहे. मोह त्यात नाही. छत्तीसगड, ओडिशा, झारखंडमधले आपले भाऊबंद सालाची बी वेचतात. त्या बीचा चांगला भाव कुठल्या टप्प्यावर कोण खाणार हे त्यांच्या हातात नाही, आणि मोह त्या यादीतून बाहेर का राहिला हे आपल्याला कुणी विचारलं नाही. आम्ही व्यापाराच्या विरोधात नाही. मीठ, लोखंड, कापड आपल्याकडे बाहेरूनच आलं. आमचं म्हणणं एवढंच की यादी लिहिताना वेचणाऱ्याचं नावही त्या कागदावर असावं.

करार किती पक्का धरतात हे आपल्या राज्याने दाभोळमध्ये अनुभवलं. राज्य वीज मंडळाने १९९३ साली एन्रॉनच्या वीज कंपनीशी करार केला. राज्याने हमी दिली, केंद्राने त्यावर आणखी हमी दिली. सरकार बदललं, १९९५ साली नव्या सरकारने करार मोडला. कंपनी लंडनच्या लवादात गेली. मग त्याच सरकारने पुन्हा बोलणी करून आणखी मोठा प्रकल्प मान्य केला. २००१ साली वीज घेणं बंद पडलं, कंपनी पुन्हा लवादाच्या दारात. निवडून आलेल्या सरकारलाही कराराच्या बाहेर पडता येईना. मग आपण विचारतो : आदिवासींना दिलेला शब्द हा करार नाही का? धरणासाठी उठवताना जमीन देतो म्हणून लिहून दिलं होतं, तो करार नाही का? तो मोडला तर कोणत्या लंडनला जायचं?

"करार म्हणजे करार" हे वाक्य ऐकलं की आम्ही दोन गोष्टींची आठवण देतो. एक, महाराष्ट्राचे १९७४ चे कायदे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेली आदिवासींची जमीन परत करायची तरतूद त्यांत झाली. खरेदीखत होतं, अंगठा होता, साक्षीदार होते, तरीही. कारण कायद्याने ओळखलं की भुकेल्याचा अंगठा आणि सावकाराची सही एका मापाची नसते. दोन, सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा समता निकाल. आंध्रमधल्या अनुसूचित भागात सरकारने खाणीसाठी खासगी कंपन्यांना दिलेले पट्टे न्यायालयाने रद्द ठरवले. म्हणजे दुबळ्याचं रक्षण करणाऱ्या कायद्यापुढे करार थांबतो. ही आपली कमाई आहे. व्यापाराच्या नव्या वाऱ्यात, "गुंतवणूक येऊ द्या, अडथळे काढा" म्हणत पहिला हात याच कायद्यांना लागणार आहे. डोळ्यांत तेल घालून बसलं पाहिजे.

आपलं ज्ञान कुणाच्या नावावर

हळदीची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. जखमेवर हळद लावायची, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने त्याचंच पेटंट घेतलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झालं. युरोपात कडुनिंबाच्या बुरशीनाशकावर दिलेलं पेटंट २००० साली रद्द झालं. आनंद झाला. पण हळदीचा निकाल कशाच्या जोरावर लागला ते बघा. जुनी पुस्तकं आणि छापलेले लेख पुढे ठेवता आले म्हणून. अमेरिकेच्या कायद्यात २०१३ पर्यंत परदेशातलं नुसतं वापरात असलेलं ज्ञान पुरावा धरत नसत. ते कुठे तरी छापलेलं असावं लागे. हळदीला ग्रंथ होते. आपल्या भगताच्या मुळ्यांना कुठला ग्रंथ? आपलं ज्ञान तोंडी, म्हणून त्यांच्या हिशेबी ते नव्हतंच.

यावर काही संस्था सांगतात, सगळं लिहून काढा, छापून टाका. काही सांगतात, एक अक्षर बाहेर जाऊ देऊ नका. दोन्हींत धोका आहे. छापलं तर पेटंट घेणाऱ्याची वाट अडते, पण औषध कुणीही बनवील आणि आपल्याला वाटा मागायला जागा राहणार नाही. लपवलं तर आज झाकलेलं राहतं, पण उद्या कुणी फितवून नेलं तर आपण आधी जाणत होतो हे सिद्ध करता येत नाही, आणि भगत गेला की विद्याही गेली.

आमचं मत असं. जे गावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, ते ग्रामसभेच्या नावाने लिहा, तारीख टाका आणि छापा. त्यावर कुणाची मक्तेदारी होऊ देऊ नका. जे एक-दोन जाणत्यांपाशीच आहे, ते गावात ठेवा. जाणत्याने आपल्या पोरांना शिकवावं. बाहेरच्या कुणाला, मग तो कितीही गोड बोलणारा विद्यार्थी असो की डॉक्टर, ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय मुळी द्यायची नाही आणि उपयोग सांगायचा नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये कतार देशातल्या दोहा शहरात व्यापार मंत्र्यांची परिषद झाली. पेटंटचा करार आणि जैवविविधतेचा करार यांचा मेळ कसा घालायचा, पारंपरिक ज्ञानाचं काय करायचं, हे तपासू असं तिथल्या जाहीरनाम्याच्या १९व्या कलमात लिहिलं आहे. "तपासू" म्हणजे करू नव्हे. पण दार किलकिलं झालंय. तिथे पाय अडकवायचं काम आपल्या सरकारने करावं, आणि सरकारने ते करावं म्हणून आपण सरकारच्या मागे लागावं.

मागायचं काय, करायचं काय

घटनेच्या पाचव्या अनुसूचीत एक ताकद पडून आहे. संसदेचा किंवा विधानसभेचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक बदल करून लागू, असं राज्यपाल जाहीर करू शकतात. जमीन हस्तांतर आणि सावकारी यांवर ते नियम करू शकतात. व्यापाराचे करार या देशात उतरतात ते कायद्यांमधूनच. म्हणजे त्यांच्या वाटेवर आपल्या उंबऱ्याशी थांबवणारा एक माणूस घटनेने बसवला आहे. तो झोपला असेल तर त्याला उठवणं आपलं काम.

म्हणून या मागण्या आम्ही सगळ्या गावांपुढे चर्चेला ठेवतो :

१. वनोपज, तेल, बियाणं, खनिज यांना लागू होणारा कोणताही परदेशी करार करण्याआधी त्याचा मजकूर मराठीत आणि आपल्या बोलीत ग्रामसभांपुढे यावा. जनजाती सल्लागार परिषदेत त्यावर चर्चा व्हावी आणि राज्यपालांनी लेखी मत द्यावं.

२. तेलावरच्या आयात करातला ठरलेला वाटा मोहाच्या बिया, चारोळी, डिंक, हिरडा यांच्या हमीभावासाठी वेगळा काढावा. १९७६ च्या कायद्याखालची आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी हंगाम सुरू व्हायच्या आधी सुरू व्हावी, हंगाम संपल्यावर नव्हे.

३. पेसाच्या नियमांना दात बसवावेत. ग्रामसभेला स्वतः तक्रार करता यावी, वर्षाच्या आत निकाल लागावा, आणि शब्द मोडणाऱ्या खात्याने किंवा कंपनीने भरपाई भरावी. कंपन्यांना जे जिनीव्हात आणि लंडनमध्ये मिळतं, तेवढंच आम्ही आमच्या तालुक्यात मागतो.

४. १९७४ च्या जमीन परतीच्या कायद्यांत आणि पाचव्या अनुसूचीत गुंतवणुकीच्या नावाखाली एक अक्षरही हलवू नये.

मागण्या वर जातील तेव्हा जातील. गावात आजपासून करण्यासारखं काम आहे. या हंगामात गावाचा स्वतःचा काटा घ्या. बाजाराला जायच्या आधी माल घरी मोजा. एका वहीत तारीख, वजन, कुणाला विकलं, काय भाव मिळाला, कटती किती, एवढं लिहा. शाळेत जाणारं पोर हे काम सहज करील. शेठकडे पावती मागा. एकट्या बाईला तो हाकलून देईल. दहा बायांनी एकदम मागितली तर देईल. नाही दिली तर त्या दिवशी माल परत न्या. हंगामाच्या शेवटी सगळ्या गावांच्या वह्या एकत्र करू. आपल्या भागातून किती माल कोणत्या भावाने गेला, हा आकडा आज सरकारकडेही नाही. तो आपल्याकडे असला तर पुढच्या बोलणीला आपण हात जोडून जाणार नाही. वही घेऊन जाऊ.

त्यांनी आपल्याला शिकवलंय की व्यापाराच्या जगात कागदच बोलतो. ठीक आहे. आता आपला कागदही बोलू द्या.

१ मेच्या ग्रामसभेत वरच्या चारही मागण्यांवर ठराव करा. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला द्या, पोच घ्या. एक प्रत राज्यपालांना पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. एक प्रत संघटनेच्या कार्यालयात द्या. ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे पुरुषांइतकेच असले पाहिजेत. मोह वेचतात त्या बायाच.

जंगल आपलं, झाड आपलं, वेचणारा हात आपला. भावही आपल्याला विचारून ठरला पाहिजे.

जिंदाबाद!